विटा-दगडाचं घर रेव्हिटमध्ये काढताना सुरुवातीला पडणारे प्रश्न

मामाचं साताऱ्याकडचं घर मोजून रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, काढायला घेतलं तेव्हा वाटलं दोन रविवारांचं काम आहे, खाली चार खोल्या, वर दोन, संपलं. तोवर मी फक्त आरसीसीच्या बिल्डिंगा काढल्या होत्या, म्हणजे कॉलम ग्रिड टाकायचा, बीम टाकायचे आणि उरलेल्या जागेत भिंती भरायच्या. इथे कॉलमच नाही. खाली काळ्या दगडाची दीड फुटी भिंत, वर नंतर चढवलेली विटांची नऊ इंची, आणि सगळा भार भिंतींवर. दोन रविवारांचे दोन महिने झाले. आता ऑफिसातली नवीन पोरं तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

सगळ्यात पहिला प्रश्न हमखास हाच, की प्रत्येक वीट काढायची का? नाही. अजिबात नाही. एका खोलीतच हजारो विटा होतात, फाईल हलणार नाही आणि त्याचा उपयोगही काही नाही. वीट हे मटेरियल आहे, भिंत हा एलिमेंट आहे. विटांच्या रेघा एलिव्हेशनला दिसायला हव्या असतील तर मटेरियलमध्ये सरफेस पॅटर्न द्या, आणि तो 'मॉडेल' प्रकारचा द्या, 'ड्राफ्टिंग' नको, कारण ड्राफ्टिंग पॅटर्न कागदावर कायम सारखाच दिसतो, 1:50 असो की 1:100, म्हणजे विटांचा आकार स्केलप्रमाणे बदलत बसतो. मॉडेल पॅटर्न खऱ्या मापाचा असतो आणि अलाइन टूलने त्याची रेघ खिडकीच्या सिलला नेऊन चिकटवता पण येते. प्लॅस्टर होणार असेल तर एवढं पण करू नका, कुणाला दिसणारे?

मग भिंतीचा टाइप बनवा, आणि हे भिंत काढायच्या आधी करा, नंतर नाही. कुठलीही बेसिक वॉल घ्या, डुप्लिकेट करा, स्वच्छ नाव द्या, जसं 'वीट 230 दोन्हीकडे प्लॅस्टर', आणि स्ट्रक्चरच्या एडिटमध्ये जाऊन थर भरा. यादीत वरचा थर म्हणजे बाहेरची बाजू, खालचा म्हणजे आतली. आपल्याकडचं नेहमीचं म्हणजे बाहेर 20 मिमी प्लॅस्टर, मधे 230 वीट, आत 12 मिमी प्लॅस्टर, म्हणजे एकूण 262. आता यातली वीट तेवढी दोन कोअर बाउंडरींच्या, म्हणजे भिंतीच्या गाभ्याच्या हद्दींच्या, मधे ठेवायची, प्लॅस्टर बाहेर. हे कंटाळवाणं वाटतं पण लोड बेअरिंग घरात सगळं यावर चालतं, कारण गवंडी वीट लावतो तेव्हा प्लॅस्टर नसतंच, त्याला माप विटेपासून विटेपर्यंत लागतं.

म्हणून लोकेशन लाइन बघायची, म्हणजे भिंत ज्या रेघेवर धरून काढली जाते ती. डिफॉल्टला ती बहुतेक वेळा वॉल सेंटरलाइन असते, आणि आत-बाहेर प्लॅस्टर वेगळ्या जाडीचं असलं की भिंतीचं सेंटर आणि विटेचं सेंटर यात फरक पडतो, वरच्या उदाहरणात 4 मिमी. चार मिमीने काय होतंय असं वाटतं, पण मग डायमेन्शनला 3004 आणि 2996 असले आकडे यायला लागतात आणि तुम्ही रात्री बारा वाजता भिंती सरकवत बसता. नवीन घर असेल तर कोअर सेंटरलाइन घ्या. जुनं घर बाहेरून मोजलं असेल तर बाहेरचा फेस घ्या, पण मग भिंत फ्लिप करताना सांभाळा, कारण ती लोकेशन लाइनभोवती उलटते आणि फेसवर लाइन असली की अख्खी भिंत एका जाडीने उडी मारते. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने भिंती काढत गेलात तर बाहेरची बाजू आपोआप बाहेर येते, नाहीतर स्पेसबार आहेच.

'भिंत काढली पण दिसत नाहीये.' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. दादा, भिंत आहे, जमिनीखाली आहे. स्ट्रक्चरल वॉल घेतली की वर ऑप्शन बारमध्ये 'हाइट' ऐवजी 'डेप्थ' असतं, म्हणजे लेव्हलपासून खाली भिंत उतरते, आणि प्लॅनमध्ये ती दिसत नाही. हाइट करा. पण मग स्ट्रक्चरल वॉल घ्यायचीच कशाला, साधी आर्किटेक्चरल का नको? कारण आपली भिंत भार घेते. स्ट्रक्चरल टिक केली की 'बेअरिंग' हा वापर देता येतो, आणि व्ह्यूची डिसिप्लिन स्ट्रक्चरल केली की साडेचार इंची पार्टिशन गायब होऊन फक्त भार घेणाऱ्या भिंती उरतात. हा प्लॅन एकदा प्रिंट काढून बघाच. वरच्या मजल्याची नऊ इंची भिंत खालच्या कुठल्याच भिंतीवर येत नाहीये असं त्यात लगेच दिसतं, आणि ते साइटवर दिसण्यापेक्षा कागदावर दिसलेलं बरं.

थर दिले पण प्लॅनमध्ये नुसत्या दोनच रेघा दिसतात? डिटेल लेव्हल कोअर्स (Coarse, म्हणजे ढोबळ) आहे, मीडियम किंवा फाइन करा. दोन भिंतींच्या जोडावर मधेच रेघ येते? बघा, एकीत 'वीट' आहे आणि दुसरीत 'वीट 1' असं डुप्लिकेट मटेरियल लागलंय. मटेरियल आणि फंक्शन दोन्ही सारखे असले की थर एकमेकांत मिसळतात. दगड आणि वीट भेटतात तिथे मात्र रेघ राहणारच, राहू दे, खरंच तिथे जोड आहे.

आता दगड. खाली दगड, वर वीट असं घर असलं की स्टॅक्ड वॉल नावाचा प्रकार सापडतो आणि आपण खूश होतो, एकाच भिंतीत खाली 450 दगड वर 230 वीट, आणि कुठला फेस एका रेषेत ठेवायचा ते पण सांगता येतं. मामाकडे बाहेरून सगळं एका रेषेत आहे आणि आतून टप्पा सुटलाय, त्या टप्प्यावर लाकडी तुळया टेकल्यात, म्हणून मी बाहेरचा कोअर फेस जुळवला. पण खरं सांगायचं तर मी नंतर ते सगळं काढून मजल्यानुसार दोन वेगळ्या भिंती केल्या. स्टॅक्ड वॉल शेड्यूलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून निघणाऱ्या तक्त्यात, स्वतः येत नाही, तिच्या आतल्या भिंती येतात, त्यात पहिल्यांदा गोंधळ होतो, आणि एकदा 'ब्रेक अप' केली की परत जोडता येत नाही. कंपाउंड वॉलला, म्हणजे खाली दगड वर वीट अशा कुंपणाला, स्टॅक्ड झकास आहे. घराला दोन भिंती सोप्या. जोतं पण वेगळी भिंत म्हणूनच काढा, ते तसंही दोनेक इंच बाहेर असतं.

जुनी दगडी भिंत कुठेच सारखी जाडीची नसते, ओळंब्यात तर नसतेच. दाराच्या चौकटीपाशी आत-बाहेर जाडी मोजा, चार ठिकाणी मोजा, आणि एक आकडा ठरवून तोच वापरा. 443, 457, 461 असे तीन टाइप बनवू नका, मी बनवले होते, कोपरे कधी जुळलेच नाहीत. खोलीचे कर्ण मात्र दोन्ही मोजा, काटकोन किती सुटलाय ते त्यातूनच कळतं. भिंत वर निमुळती होत गेली असेल तर रेव्हिट 2022 पासून टेपर्ड वॉल आलीये, पण फरक डोळ्याला दिसण्याएवढा असेल तरच त्या भानगडीत पडा.

कोनाडे! यावर माझा अख्खा एक दिवस गेला. भिंत सिलेक्ट करून एडिट प्रोफाइलने भोक पाडलं की ते आरपार जातं, म्हणजे देवळीतून थेट शेजाऱ्याचं अंगण. कोनाड्यासाठी वॉल बेस्ड जेनेरिक मॉडेल फॅमिली, म्हणजे भिंतीवर परत परत लावता येणारा तयार भाग, बनवा, आत व्हॉइड, म्हणजे भिंत कोरणारा पोकळ आकार, टाका, रुंदी-उंची-खोली पॅरामीटर द्या. एकदा केली की घरभर लावत सुटा. एखादाच वेडावाकडा कोनाडा असेल तर इन-प्लेस, म्हणजे जागेवरच काढलेला, व्हॉइड चालतो.

दार-खिडक्यांचं म्हणाल तर जाड भिंतीत फ्रेम कुठे बसते ते बघा. तयार फॅमिली पातळ भिंती डोळ्यापुढे ठेवून केलेल्या असतात, दीड फुटी भिंतीत फ्रेम बाहेरच्या कडेला चिकटते आणि आत नुसतं तोंडाएवढं भगदाड राहतं. फ्रेमचा ऑफसेट बदला. आणि खिडकीच्या बाजूने प्लॅस्टर आत वळायला हवं असेल तर टाइपमध्ये 'रॅपिंग ॲट इन्सर्ट्स' चालू करा.

लिंटेल, म्हणजे दार-खिडकीच्या डोक्यावरचा आडवा बीम, लोक विसरतात. कॉलम-बीमच्या फ्रेम बिल्डिंगमध्ये चालून जातं, इथे नाही, कारण खिडकीच्या डोक्यावरची भिंत हवेत तरंगत नाही. मी लिंटेल स्ट्रक्चरल बीम म्हणून काढतो, रुंदी विटेएवढी म्हणजे 230, प्लॅस्टरसकट नाही, आणि भिंतीशी जॉइन जॉमेट्री करतो. जॉइन केल्यावर भिंतच बीमला कापत असेल तर 'स्विच जॉइन ऑर्डर' करा. भूकंपाच्या पट्ट्यात घर असेल तर सुटे लिंटेल न ठेवता सलग पट्टा लागतो, आयएस 4326 या भारतीय मानकात जोतं, लिंटेल आणि छप्पर या पातळ्यांवर पट्टे सांगितलेत, कमीत कमी 75 मिमी जाड. त्यासाठी लिंटेलला वेगळी लेव्हलच करून टाका, सगळ्या दारं-खिडक्यांची डोकी तिथे बांधली की वर सलग बीम फिरवता येतो. हे उगाच सांगत नाहीये. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आमच्याच भागातला, आणि किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 ला जी घरं पडली त्यात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती होत्या, वर मातीचं जड धाबं. अशा भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पापुद्रे सुटे होतात, दोन्ही बांधून ठेवणारे आरपार दगड नसले तर. ते दगड मॉडेलमध्ये काढायची गरज नाही, पण सेक्शनच्या डिटेलमध्ये दाखवा आणि शेजारी नोट लिहा, नाहीतर मॉडेलमध्ये 450 चा एकसंध ठोकळा दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं भिंत दणकट आहे. मजबुतीचं गणित तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, बेअरिंग टिक केल्याने भिंत बेअरिंग होत नाही.

शेवटी विटा किती लागतील. मटेरियल टेकऑफ, म्हणजे मटेरियलनुसार मापांचा तक्ता, काढला की घनफळ मिळतं, खिडक्या वजा होऊनच, कोपरे दोनदा मोजले जात नाहीत. समजा मॉड्युलर वीट आहे, 190 बाय 90 बाय 90, आणि भिंत 4 मीटर लांब, 3 मीटर उंच, त्यात 1.2 बाय 1.2 ची खिडकी. क्षेत्रफळ 12 वजा 1.44 म्हणजे 10.56 चौमी. एका विटेच्या लांबीएवढ्या जाडीची भिंत खरी 190 चीच भरते, म्हणून सॉफ्टवेअर सांगतं 2.006 घनमी. आपण सवयीने घनमीटरला 500 विटा धरतो आणि 1003 म्हणून मोकळे होतो. पण 500 हा आकडा मसाल्यासकट 200 बाय 100 बाय 100 या मापावरचा आहे. तोच हिशोब क्षेत्रफळावर करा, अशा भिंतीला चौरस मीटरला 100 विटा, म्हणजे 1056. एका भिंतीत 53 विटांचा फरक, तुटफूट अजून धरलीच नाहीये. म्हणून शेड्यूलमध्ये घनफळाच्या शेजारी क्षेत्रफळाचा कॉलम लावा आणि विटांचा फॉर्म्युला त्यावर टाका. मामाच्या गवंड्याने मात्र भिंतीकडे नुसतं बघून 'अकराशे मागवा' म्हटलं होतं.