किडनीतल्या सिस्ट आणि सोनोग्राफी : या चुका टाळा

‘दोन्ही किडन्यांत सिस्ट’, म्हणजे पाण्याच्या गाठी, असा रिपोर्ट आला की घरात लगेच दोन तट पडतात. एक रडवेला, दुसरा ‘अहो, काही होत नाही त्याला’ म्हणणारा. दोघंही गाठी मोजतात आणि वय विसरतात.

साठीनंतर एखाद-दुसरी साधी पाण्याची गाठ पुष्कळांना असते आणि बहुधा तिला हातही लावावा लागत नाही. आई किंवा वडिलांना पॉलिसिस्टिक किडनीचा, म्हणजे किडन्यांत खूप सिस्ट होणारा आनुवंशिक आजार असेल, तर मात्र हिशेब वेगळा. १५ ते ३९ वयात दोन्ही किडन्या मिळून तीन सिस्ट निदानाला पुरतात. ४० ते ५९ मध्ये प्रत्येक किडनीत किमान दोन लागतात, ६० पासून पुढे प्रत्येकीत किमान चार. घरात आजार नसलेल्यांना हे आकडे लागू नाहीत.

म्हणून कुटुंबाची माहिती न देता तपासणीच्या टेबलावर झोपू नका. इंदूरच्या मराठी घरांत कुलदैवत, देवासची आत्या, ग्वाल्हेरचे सोयरे सगळं तोंडपाठ असतं. आजोबांना डायलिसिस का लागलं विचारलं, तर उत्तर एवढंच : ‘बीपी होतं त्यांना.’ ते बीपी याच आजारातून आलेलं असू शकतं. तो पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता ५० टक्के, मग मुलगा असो की मुलगी.

विशीतला स्वच्छ रिपोर्ट म्हणजे सुटका, हाही गैरसमज. बारीक सिस्ट सोनोग्राफीत सुटतात. विशेषतः वडिलांना किडनी द्यायला मुलगा तयार असेल, तर एमआरआय आणि गरजेप्रमाणे जनुकीय तपासणीपर्यंत जावंच लागतं.

साधी सिस्ट पडद्यावर आतून पूर्ण काळी, पातळ भिंतीची दिसते आणि तिच्या मागचा भाग उजळतो. सिस्टच्या आत पडदे, जाड भिंत किंवा गाळ दिसला तर पुढची तपासणी टाळू नका. किडनीच्या मध्यभागातल्या सिस्ट कधी मूत्रमार्गातल्या अडथळ्याच्या सुजेसारख्या दिसतात. त्यात ‘लघवी भरून या’ म्हटलं की आपण तांब्याच्या तांब्या रिचवतो! तट्ट भरलेल्या मूत्राशयामुळेही किडनी किंचित फुगलेली दिसते. लघवी करून आल्यावर पुन्हा बघायला सांगा.

सकाळी पोहे-जिलेबी हाणून मात्र जाऊ नका. या आजारात यकृतातही सिस्ट असतात, त्यामुळे पूर्ण पोटाची सोनोग्राफी बरी आणि ती उपाशीपोटीच.

किडनीची लांबी दोन सेंटरांत थोडी वेगळी आली म्हणून आजार वाढला असं धरू नका. फार मोठी किडनी एका चित्रात मावतच नाही. उलट क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल म्हणून निर्धास्तही राहू नका. किडन्या वाढत असतानाही ते कित्येक वर्षं नॉर्मल राहतं. बीपी घरी मोजा, आणि पुढच्या सोनोग्राफीला जुने रिपोर्ट व फिल्म बरोबर न्या.