आजेसासरे खरंच आयआरएमध्ये होते का? कागद कसे शोधायचे

माझ्या सासरी, म्हणजे आयर्लंडच्या वेस्ट कॉर्कमध्ये, जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी किल्मायकलच्या हल्ल्यात होतं, म्हणजे आयआरएनं, ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सेनेनं, केलेल्या हल्ल्यात. २८ नोव्हेंबर १९२० ला हल्ल्याचा नेता टॉम बॅरी याच्याबरोबर पुरती चाळीस माणसंही नव्हती, पण ते जाऊ द्या. मी लग्न होऊन इथं आले. या गोष्टी ऐकत वाढले नाही, त्यामुळे त्यांच्यावर पटकन विश्वासही बसत नाही, आणि या कामात त्याचा उपयोगच होतो. आधी नवऱ्याच्या आजोबांचे कागद शोधले, मग त्यांच्या बहिणीचे. आता कुणाकडे जेवायला गेलं की ‘आमच्यांचंही बघ ना जरा’ असं कुणीतरी म्हणतंच. मी सगळ्यांना एकच सांगते: नावामागे धावू नका. आधी गाव, मग पॅरिश (चर्चचा विभाग), मग कंपनी (सैन्याची तुकडी), आणि नाव सगळ्यात शेवटी.

आयरिश व्हॉलंटियर्सची संघटना नोव्हेंबर १९१३ मध्ये डब्लिनला स्थापन झाली. पुढे तिचीच आयआरए झाली. खेड्यापाड्यात तिची बांधणी साधारण एका पॅरिशला एक कंपनी अशी होती. काही कंपन्या मिळून बटालियन आणि बटालियन्स मिळून ब्रिगेड. आमच्या तिसऱ्या कॉर्क ब्रिगेडमध्ये बँडनची पहिली बटालियन, क्लोनाकिल्टीची दुसरी, डनमनवेची तिसरी. सगळे कागद याच चौकटीत लावलेले आहेत. उलट नुसतं ‘जॉन ओसलिव्हन’ म्हणून शोधलंत तर कॉर्क आणि केरीमध्ये इतके जॉन ओसलिव्हन निघतील की आपले कोणते हे देवालाच ठाऊक.

म्हणून सुरुवात घरातून. जन्माचं साल, लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं, आईचं माहेरचं आडनाव आणि टाउनलँडचं नाव, म्हणजे शेतीवाडीचा तो अगदी छोटा भाग, ज्याच्या नावानं पत्रं यायची. हे सगळं घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि लगेच विचारा. मग नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत ते घर शोधा. दोन्ही फुकट आहेत. १९११ मध्ये बारा-तेरा वर्षांचा दिसणारा मुलगा १९२० मध्ये बरोबर व्हॉलंटियर होण्याच्या वयाचा असतो. १९२१ ची जनगणना मात्र शोधत बसू नका. देशात लढाई चालू होती, म्हणून ती जनगणना झालीच नाही. जन्म, लग्न आणि मृत्यूच्या सरकारी नोंदी ‘आयरिश जीनिऑलॉजी’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. मृत्यूची नोंद जरूर काढा. मेल्याची तारीख हाती असली की स्थानिक वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता सापडते, आणि त्यात बहुधा ‘जुन्या साथीदारांनी मानवंदना दिली’ असं बटालियनच्या नावासकट छापलेलं असतं.

कंपनी कळली की मिलिटरी आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर जा. तिथं मिलिटरी सर्व्हिस पेन्शन्स कलेक्शन नावाचा प्रचंड साठा आहे. त्यात थेट नाव टाकायचा मोह होईल, पण आधी नामावल्या उघडा. १९३० च्या दशकात पेन्शन द्यायची वेळ आली तेव्हा सरकारपुढे प्रश्न पडला की कोण खरंच होतं आणि कोण नव्हतं. मग जुन्या अधिकाऱ्यांच्या ब्रिगेड समित्या बसल्या आणि त्यांनी कंपनीवार याद्या करून दिल्या. याद्या दोन तारखांच्या आहेत: ११ जुलै १९२१, म्हणजे ब्रिटिशांशी झालेल्या शस्त्रसंधीचा दिवस, आणि १ जुलै १९२२, म्हणजे ब्रिटिशांशी केलेल्या तहावरून जुन्या साथीदारांतच यादवी युद्ध नुकतंच पेटलं होतं तेव्हाची. कुमन ना मान या बायकांच्या संघटनेच्या आणि फिअना एरन या मुलांच्या संघटनेच्या याद्या वेगळ्या आहेत.

आजेसासरे मला असेच सापडले, डनमनवेकडच्या एका कंपनीच्या पहिल्या यादीत, त्यांच्या दोन शेजाऱ्यांच्या मधे. दुसऱ्या यादीत ते नाहीत. या दोन याद्या शेजारी ठेवून वाचायच्या असतात. पहिल्या यादीतला माणूस दुसऱ्या यादीत नसेल तर तो तहाच्या बाजूनं गेला असेल, घरी बसला असेल, नाहीतर बोट धरून अमेरिकेला गेला असेल. याद्या दहा-पंधरा वर्षांनी आठवणीतून केलेल्या आहेत, तेव्हा चुका असणारच. आणि यादीत नाव असणं म्हणजे संघटनेत असणं. त्यावरून त्यानं बंदूक उचलली की निरोप पोचवले, रस्ते खणले की पहारा दिला, यातलं काहीच कळत नाही.

ते कळतं पेन्शनच्या फायलीत. इथं कायद्यांचा क्रम माहीत हवा. १९२४ चा कायदा फक्त नव्या राज्याच्या राष्ट्रीय सैन्यात गेलेल्यांसाठी होता. तहाच्या विरोधात लढलेल्यांना आणि कुमन ना मानच्या बायकांना दार उघडलं ते १९३४ च्या कायद्यानं, तहविरोधी नेता डी व्हॅलेरा सत्तेवर आल्यावर. नाकारलेल्यांना १९४९ च्या कायद्यानं आणखी एक संधी दिली. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन-तीन फायली असू शकतात, सगळ्या मागवा. शिवाय जखमींच्या आणि मेलेल्यांच्या कुटुंबीयांच्या फायली १९२३ पासूनच्या वेगळ्या आहेत.

फाईल वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही डायरी नव्हे. गरजू माणसानं सरकारी कारकुनाला पटवण्यासाठी मांडलेला हा दावा आहे. अर्जदार स्वतःचं काम थोडं वाढवून सांगतो आणि समोरचा अधिकारी कापत जातो. ‘सक्रिय सेवा’ सिद्ध झाली नाही तर पेन्शन नाही. बहुतेक अर्ज नाकारले गेले. नाकारलेला अर्ज पाहून सासरची मंडळी हिरमुसतात, पण त्यात हिरमुसण्यासारखं काही नाही. दोन वर्षं रात्री-अपरात्री निरोप पोचवणाऱ्या माणसाची सेवा त्या कायद्याच्या व्याख्येत बसली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी स्वतः आधी शिफारसपत्रं वाचते. जुन्या कप्तानानं ‘हा माझा उत्तम माणूस होता’ लिहिलं असेल तर ठीक. त्यानं अमुक रस्ता, अमुक पूल, अमुक रात्र असं लिहिलं असेल तर ते सोनं.

बायकांसाठी वेगळी नजर लागते. कुमन ना मानची स्थापना एप्रिल १९१४ ची, पण बऱ्याच अर्जांवर लग्नानंतरचं नाव असतं, म्हणून माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं टाकून पाहा. आजेसासऱ्यांच्या बहिणीची फाईल मला तिच्या नवऱ्याच्या आडनावाखाली मिळाली, तेही तिच्या लग्नाची नोंद काढल्यावर. आणि या फायली वाचताना रागाची तयारी ठेवा. मार्गारेट स्किनिडर १९१६ च्या बंडात डब्लिनमध्ये लढताना गोळ्या लागून जखमी झाली. १९२५ मध्ये तिचा अर्ज फेटाळला गेला, कारण कायद्यातला ‘सैनिक’ म्हणजे पुरुष, असा अर्थ लावला गेला. पेन्शन तिला मिळाली ती १९३८ मध्ये.

याच आर्काइव्ह्जमध्ये ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरी या सरकारी संस्थेनं त्या लढ्यातल्या माणसांचे नोंदवलेले जबाब आहेत. १९४७ ते १९५७ या काळात घेतलेले १७७३ जबाब, जे २००३ पर्यंत कुलूपबंद होते. आपला माणूस त्यात स्वतः बोलत असण्याची शक्यता कमी, कारण बोलणारे बहुतेक अधिकारी. म्हणून इथंही टाउनलँडचं, पुलाचं, पोलीस चौकीचं नाव टाकून शोधा. आपल्याच गल्लीची हकिगत दुसऱ्या कुणाच्या तोंडून मिळते. हे जबाब बहुतेक शस्त्रसंधीपाशी थांबतात. यादवी युद्धासाठी युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आयआरएचा अधिकारी अर्नी ओमॅली याच्या वह्या आहेत, जुन्या साथीदारांशी केलेल्या बोलण्याच्या. त्याचं अक्षर इतकं भयंकर आहे की चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या.

तहाच्या बाजूनं गेलेल्यांसाठी १२ आणि १३ नोव्हेंबर १९२२ ला झालेली राष्ट्रीय सैन्याची गणती पाहा. त्यात घरचा पत्ता आणि जवळच्या नातेवाइकाचं नाव आहे. १९२० च्या सुमाराला अटक झालेल्यांचे ब्रिटिश कागद लंडनजवळ क्यूला, ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. तेही पाहावेत, पण आधी घरच्या देशातले संपवा.

कपाटातल्या पदकावर फार भिस्त ठेवू नका. काळ्या आणि फिक्या तपकिरी पट्ट्यांच्या फितीचं १९१७–१९२१ चं सेवापदक १९४० च्या दशकापासून मागणाऱ्यांना दिलं गेलं. फितीवर ‘कोमरॅक’ (आयरिशमध्ये लढाई) लिहिलेली आडवी पट्टी असेल तर सक्रिय सेवा मान्य झाली होती, नसेल तर नुसतं सदस्यत्व. बहुतेकांवर नाव कोरलेलं नसतं, त्यामुळे ते नक्की कुणाचं हे पदक सांगत नाही. मात्र पदकासाठीचा अर्ज सांगतो. पेन्शन न मिळालेल्या पुष्कळांनी म्हातारपणी पदकाच्या आधारावर विशेष भत्ता मागितला होता, आणि त्या फायलींमध्ये घर, शेत, आजारपण सगळं येतं.

आणि नाव ऑनलाइन दिसलंच नाही तर? साठा २०१४ पासून टप्प्याटप्प्यानं खुला होतोय, म्हणजे ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे. आर्काइव्ह्जला ईमेल करा. पूर्ण नाव, आयरिशमधलं नाव माहीत असल्यास तेही, जन्ममृत्यूच्या तारखा, १९११ चा पत्ता, कंपनी आणि बटालियन एवढं चार ओळींत लिहा. कुटुंबातल्या शौर्यकथा लिहू नका, त्यांना त्यांचा उपयोग नाही. कागद प्रत्यक्ष पाहायचे असतील तर वाचनकक्ष डब्लिनला रॅथमाइन्समध्ये, काहल ब्रुहा बराकीत आहे. ती चालू लष्करी बराक आहे, तेव्हा वेळ आधी ठरवून घ्या.