काळा एल्फ, गोरा गेड: हा वाद घालायचाच असेल तर असा घाला

नवीन सिरीजचं कास्टिंग जाहीर झालं की आमच्या ग्रुपमध्ये दोन तासांत भांडण पेटतं, एकीकडे 'एल्फ काळा कसा असेल' वाले (एल्फ म्हणजे फँटसी गोष्टींतली माणसासारखी दिसणारी जादुई जमात), दुसरीकडे 'तुम्ही सगळे रेसिस्ट' वाले, आणि शेवटी कोणीतरी रागाने ग्रुप सोडतं. 2022 ला रिंग्ज ऑफ पॉवर, म्हणजे टोल्किनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या जगावरची सिरीज, आली तेव्हा मीही त्यात होते, बरंचसं पुस्तक न बघताच बोलले आणि एका चांगल्या मैत्रिणीला दुखावलं, ते अजून मनाला लागून आहे. म्हणून हे लिहितेय.

पहिलं काम म्हणजे पुस्तक उघडा. आठवणीवर अजिबात जाऊ नका. हंगर गेम्सचा पिक्चर 2012 ला आला आणि त्यातल्या रू या लहान मुलीच्या रोलमध्ये आमांडला स्टेनबर्ग या काळ्या मुलीला बघून कितीतरी फॅन भडकले, आमच्या मनातली रू अशी नव्हती म्हणे. पण 2008 च्या पुस्तकात सरळ लिहिलंय की तिची त्वचा आणि डोळे गडद तपकिरी आहेत, फक्त त्याच वाक्यात पुढे येतं की बाकी अंगकाठीने आणि वागण्याने ती प्रिमसारखी, म्हणजे हिरॉइनच्या धाकट्या बहिणीसारखी, आणि प्रिम गोरी, सोनेरी केसांची. लोकांनी पुढचं अर्धं वाक्य धरलं, आधीचं सोडून दिलं. निरागस पोर म्हटलं की डोळ्यासमोर गोरीच येते, आणि हे फक्त तिकडचं नाही हो, द्रौपदीचं एक नावच कृष्णा आहे, तिच्या रंगावरून, तरी आपल्या कॅलेंडरवर आणि टीव्हीवर ती बहुतेकदा गोरीपान असते.

आता पुस्तक तुमच्या विरुद्ध निघालं तर? ते कबूल करायचं. टोल्किनने लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या प्रस्तावनेत हारफूट हॉबिट (हॉबिट ही बुटक्या लोकांची जमात, हारफूट त्यातला एक गट) जास्त तपकिरी रंगाचे असतात असं लिहिलंय, हे सांगा, पण परिशिष्टात एल्फ गोरे असल्याचं वाक्यही आहे, ते लपवू नका. लपवलंत आणि समोरच्याने शोधून काढलं की तुमचं पुढचं काहीच कोणी ऐकणार नाही.

मग खरा प्रश्न विचारा, आणि माझ्या मते सगळा वाद इथेच आहे: बदल कोणत्या दिशेने झाला? 'गोऱ्याच्या जागी काळा चालतो मग काळ्याच्या जागी गोरा का नाही' हा मुद्दा हमखास येतो. त्यावर गेडची गोष्ट सांगा. उर्सुला ले ग्विनने 1968 ला अर्थसी या फँटसी मालिकेचं पहिलं पुस्तक लिहिलं, त्यात हिरो गेड तांबूस तपकिरी, त्याचा मित्र व्हेच त्याहून काळा, आणि गोरे लोक म्हणजे बाहेरून चाल करून येणारे कार्गिश. हे तिने ठरवून केलं होतं. 2004 च्या टीव्ही सिरीजने गेडला गोरा करून टाकला आणि तिने जाहीरपणे लेख लिहून निषेध केला. जिथे जवळजवळ सगळेच गोरे आहेत तिथे एक काळा एल्फ आला तर गोऱ्या मुलांकडे हिरो कमी पडत नाहीत, पण गेड गेला की तशा दिसणाऱ्या मुलाच्या हातात जी थोडीफार पुस्तकं होती त्यातलंच एक गेलं.

'ड्रॅगन चालतो आणि काळा माणूस चालत नाही?' हे वाक्य मात्र टाळा. टाळ्या मिळतात, पण समोरचा पटून घेत नाही, कारण गोष्टीतलं जग आतून जुळलं पाहिजे ही अपेक्षा चुकीची नाहीच. त्यापेक्षा विचारा की या जगात लोक जहाजं घेऊन फिरतात, व्यापार करतात, मग सगळे एकाच रंगाचे कसे राहिले?

आणि माणसावर जाऊ नका, निर्णयावर बोला. 2010 चा लास्ट एअरबेंडर हा पिक्चर एका कार्टूनवरून केलेला, त्यात कटारा आणि सोक्का या हिरोच्या बाजूच्या दोघांना गोरी मुलं घेतली, कार्टूनमध्ये ते दोघं चांगले सावळे आहेत, आणि शत्रुपक्षाच्या झुकोच्या रोलला भारतीय वंशाचा देव पटेल! गोऱ्या मुलांचं कास्टिंग जाहीर झालं तेव्हापासूनच फॅन्सनी पत्रं लिहिली, मोहीम चालवली. 'पण दिग्दर्शक तर आपला श्यामलन' हे त्यावर उत्तर होत नाही, त्याचा जन्म पुद्दुचेरीतल्या माहेचा असला तरी पडद्यावर जे दिसलं ते दिसलंच.

एक शेवटचं, ज्यांच्याबद्दल वाद आहे त्यातलं कोणी बोलत असेल तर आधी त्यांना पूर्ण बोलू द्या. नेडी ओकोराफोर या काळ्या लेखिकेला 2011 ला वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालं, तेव्हा ती ट्रॉफी म्हणजे लव्हक्राफ्ट या जुन्या भयकथा लेखकाचं डोकं होतं, आणि त्याने काळ्या लोकांबद्दल किती घाण लिहिलंय ते कळल्यावर तिने उघडपणे लिहिलं की हे डोकं घरात ठेवायचं कसं. बरीच वर्षं लोक त्यावर भांडले, शेवटी 2015 ला ती ट्रॉफी बंद झाली. त्यासाठी लव्हक्राफ्ट वाचणं कोणाला सोडावं लागलं नाही.

मी हल्ली रूच्या त्या पानाचा फोटो फोनमध्येच ठेवलाय, वाद सुरू झाला की आधी तो टाकते, लोकांना वाचायला पाच मिनिटं देते आणि मग बोलते.