पंच वेगळा, मस्टर वेगळा: ओव्हरटाइम बुडू नये म्हणून या चुका टाळा

रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी काही वर्षं टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यात होतो. ओव्हरटाइम कसा कापतात हे मला कुणी सांगायला नको, माझ्याच हातांनी कापलाय.

सगळ्यांची पहिली चूक म्हणजे हजेरीच्या पंच मशीनवरचा भरवसा. बोट लावलं, 'थँक यू' ऐकू आलं, की वाटतं नोंद झाली. झाली खरी, पण पगार मशीनवर निघत नाही, मस्टरवर म्हणजे हजेरीपटावर निघतो. मधे सॉफ्टवेअर असतं आणि त्यात 'मॅन्युअल पंच' नावाची, वेळ हाताने टाकायची सोय. ती ठेवलेली असते बोट न उमटणाऱ्यांसाठी. दिवसभर बर्फात हात घालून कोळंबी सोलणाऱ्या बायकांची बोटं कित्येकदा उमटत नाहीत. त्याच सोयीने रात्री 9.40 चे संध्याकाळी 6.05 होतात. महिनाअखेरीला वरून यादी यायची आणि मी चहा पीत आकडे बदलायचो. जेवणाचा अर्धा तास तर आपोआप वजा, मग जेवायला उठलात की नाही ते कोण बघतो.

हे फक्त पैशासाठी होतं असंही नाही. तिमाहीत किती ओव्हरटाइम घ्यायचा याला कायद्याने मर्यादा आहे. मिरकरवाडा बंदरात एकदम मासळी आली किंवा मे महिन्यात आंब्याच्या पल्पचा सीझन चालू झाला की ती सहज ओलांडते, आणि कागदावर तर दिसायला नको. मग वरचे तास मस्टरमधून गायब आणि पाकिटात रोख रक्कम, तीही सिंगल रेटने. लोक पाकीट घेऊन खूश! दर दुप्पट हवा. ढोबळ हिशोब करा: महिना 15,600 रुपये, भागिले 26 दिवस, भागिले 8 तास, म्हणजे तासाला 75. ओव्हरटाइमचा तास 150 चा. महिन्यात 19 तास खाल्ले तर 2,850 रुपये गेले.

'पंच करून ये, मग काम पुरं कर' हे ऐकणं ही सर्वांत महागडी चूक. लोट्याच्या किंवा महाडच्या केमिकल पट्ट्यात तर हे कधीच करू नका. सहाला पंच आउट झालेल्या माणसाच्या अंगावर आठ वाजता काही सांडलं, तर 'तो ड्युटीवर नव्हता' हे पहिलं वाक्य तयार असतं, आणि नुकसानभरपाईचं भांडण तिथूनच सुरू होतं. सुपरवायझर आग्रह धरत असेल तर त्याला मेसेज टाका: 'साहेब, तुम्ही सांगितलंत म्हणून पंच करून लाइनवर परत आलोय.' उत्तर नाही आलं तरी तुमचा मेसेज वेळेसकट राहतो.

स्वतःची नोंद न ठेवणं ही पुढची चूक. आमच्याकडच्या एक मावशी भिंतीवरच्या कालनिर्णयमध्येच लिहायच्या. वर दुधाचा हिशोब, खाली '8 ते 9.30'. वर्षभर वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेलं, कुठे हळदीचा डाग. असा कागद खोटा म्हणणं अवघड जातं. भांडण झाल्यावर एका रात्रीत एकाच पेनाने भरलेली डायरी मात्र कुणालाही ओळखू येते. जोडीला कॅन्टीनचं कुपन, एसटीचं रात्रीचं तिकीट, गेटवरच्या रजिस्टरची आठवण ठेवा. वॉचमनच्या त्या वहीकडे टाइम ऑफिसचं लक्ष जात नाही, आमचंही कधी गेलं नाही. मशीनच्या पोटातही मूळ पंच काही काळ राहतात, म्हणून तक्रारीत ते जपून ठेवायची मागणी आधी लिहा.

कोऱ्या मस्टरवर किंवा आकडा न भरलेल्या पावतीवर सही करू नका. करावीच लागली तर शेजारी तारीख घाला आणि मिळालेली रक्कम स्वतः लिहा. पगाराची स्लिप मागा, तो हक्क आहे.

'आता उशीर झाला' म्हणून गप्प बसणारे पुष्कळ. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारीही त्यात मालकावर आहे. तुम्ही ठेकेदाराचे कामगार असाल आणि त्याने हात वर केले, तर मजुरी चुकती करणं मूळ कंपनीवर येतं, त्यामुळे अर्जात दोघांची नावं घाला.

अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात, जमल्यास चार-पाच जणांनी मिळून. टाइम ऑफिसच्या पोराशी भांडू नका. तो यादीप्रमाणे करतो, आणि उद्या साक्षीला तोच उपयोगी पडेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बाबू 'उद्या या' म्हणाले तरी.