जुन्या गाडीचा रेडिएटर आणि ऑइल कूलर: सोलापूरच्या उन्हाळ्याआधीची तयारी

नवा रेडिएटर मागवण्याआधी गाडी नेमकी कधी तापते ते आठवडाभर वहीत लिहून ठेवा. सात रस्त्याच्या चौकात उभी असताना काटा चढतो आणि हैदराबाद रस्त्याला लागल्यावर खाली येतो, तर रेडिएटरच्या जाळीला हवा कमी पडते आहे. पंखा, बेल्ट आणि पंख्याभोवतीचं कवच आधी तपासा. गावात ठीक चालते पण मोहोळकडे चाल धरली की तापते, तर पाणी नीट फिरत नाही किंवा जाळी आतून बुजली आहे. अशा वेळी बॉनेट उघडून कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि खालच्या होज पाइपकडे बघा. आतली स्प्रिंग गंजून गेलेली असेल तर पंपाच्या ओढीने पाइप चपटा होतो आणि पाणी तिथेच अडतं. ठिणगीचं टायमिंग मागे पडलं असेल किंवा कार्ब्युरेटर पेट्रोल कमी देत असेल तरीही इंजिन तापतं. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पट्टीवर, घ्या. यातल्या कुठल्याही दुखण्यावर मोठा रेडिएटर हा इलाज नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच.

तरीही सोलापूरचं ऊन ही वेगळी गोष्ट आहे हे मान्य करावं लागतं. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर फरक ७० चा. मे महिन्यात इथे हवा ४३ वर गेली की तोच फरक ४७ वर येतो, म्हणजे त्याच रेडिएटरचं काम जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटतं. थंड देशात आखलेल्या गाडीचा रेडिएटर तिथे पुरतो आणि इथे कमी पडतो, त्याचं कारण हे एवढंच आहे. त्यात आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर असल्यामुळे उघडं साधं पाणी १०० च्या जरा आधीच, ९८-९९ अंशांना उकळतं.

मग मोजमाप घ्या. जाळीची उंची, रुंदी आणि जाडी, वरच्या-खालच्या टाकीचं माप, होजच्या तोंडांचा व्यास आणि ती कुठल्या बाजूला आहेत ते, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, पंख्याच्या पात्यापासून जाळीपर्यंतची मोकळी जागा. हे सगळं कागदावर काढून फोटोसह जवळ ठेवा. जास्त जाडीची जाळी घेतली आणि पंखा तिला घासला, असं व्हायला नको. पन्नास वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवायची असेल तर आणखी एक काळजी घ्या. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळायला गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. माझं मत विचाराल तर नोंदणी करायची असो वा नसो, पुढच्या पत्र्याला कटर लावू नका. जुन्या भोकांवर बसेल तेच घ्या.

धातूचा प्रश्न सगळेच विचारतात. तांबं-पितळेचा रेडिएटर जड असतो, पण गळला तर डाख देऊन दुरुस्त होतो, टाक्या काढून नळ्यांमध्ये सळई घालून रॉडिंग करता येतं आणि टाक्या जुन्याच ठेवून नुसती जाळी नवी बसवता येते. अ‍ॅल्युमिनिअम तांब्यापेक्षा उष्णता कमी वाहतं, तरीही त्याचे रेडिएटर चांगले थंड करतात, कारण त्यांच्या नळ्या रुंद असतात. एक इंच रुंद नळ्यांच्या दोन रांगा जुन्या अर्धा इंची नळ्यांच्या चार रांगांना भारी पडू शकतात. म्हणून विक्रेता नुसता ‘चार रो’ म्हणाला तर नळीची रुंदी विचारा. नळ्या आणि टाकी यांचा जोड ब्रेझिंगचा आहे की चिकटवलेला तेही विचारा आणि चिकटवलेला घेऊ नका. अ‍ॅल्युमिनिअम फुटलं तर डाख चालत नाही. त्यासाठी टिग वेल्डिंग करणारा हात लागतो, तो अक्कलकोट रोडच्या नाहीतर चिंचोळीच्या एमआयडीसीत शोधावा लागेल, आणि पातळ नळीवर टिग करणं सगळ्यांना जमत नाही. अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं किंवा पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन असेल तर मी डोळे झाकून मूळ तांबं-पितळेच्या रेडिएटरला नवी जाळी बसवा म्हणेन. मोठ्या व्ही-८ अमेरिकन गाडीत एसीही असेल तर अ‍ॅल्युमिनिअमचा विचार जरूर करा.

फिन्सची, म्हणजे जाळीतल्या पातळ पत्र्यांची, दाटीही बघा. एका इंचात जितके जास्त पत्रे तितका पृष्ठभाग जास्त, पण दाट जाळी लवकर बुजते. आपल्याकडे धूळ आहे, आणि गाडी यंत्रमागांच्या वस्तीत उभी राहत असेल तर सुताचं तूसही त्यात अडकू शकतं. फार दाट जाळीचा मोह टाळा आणि जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा.

कॅपबद्दल, म्हणजे रेडिएटरच्या दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाबद्दल, घाई नको. दर एक पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) दाबाला उत्कलनबिंदू साधारण दीड ते पावणेदोन अंशांनी वर जातो, म्हणजे ७ पीएसआयच्या कॅपखाली साधं पाणीही इथे ११० च्या आसपास जाऊन उकळेल. हे ऐकून कुणी १५ पीएसआयची कॅप आणून बसवतो आणि जुन्या टाकीचा डाख सुटतो. गाडीच्या पुस्तकात जो दाब दिला आहे तोच ठेवा.

पंख्याचं कवच नसेल तर ते बनवून घेणं हा या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि गुणकारी उपाय आहे. पाती साधारण अर्धी कवचाच्या आत, अर्धी बाहेर असावीत. विजेचा पंखा लावायचा असेल तर गाडीत डायनामो आहे की अल्टरनेटर ते आधी बघा. लुकासचा सी-४० डायनामो जेमतेम २२ अँपिअर देतो. एक मोठा पंखा त्यातला बराचसा खाऊन टाकतो, आणि रात्री दिवे लागले की बॅटरी उतरायला लागते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून टाकण्याची आपल्या गॅरेजांतली सवय मात्र सोडाच. चालू थर्मोस्टॅट गरम झाल्यावर पूर्ण उघडतो, तो आड येत नाही. काही इंजिनांत तर तो काढल्यावर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासमधूनच फिरत राहतं.

आता ऑटोमॅटिक गाड्या. अँबॅसेडर, पद्मिनी, हेराल्ड यांना हाताचे गिअर आहेत, त्यांना गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरची गरज नाही, तेव्हा त्यांच्या मालकांनी हा भाग सोडला तरी चालेल. पॉवरग्लाइड गिअरबॉक्सची इम्पाला, टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सची प्लिमथ किंवा डॉज, ऑटोमॅटिक मर्सिडीज ज्यांच्याकडे आहे त्यांनी मात्र रेडिएटर निवडतानाच कूलरचा निर्णय घ्यावा. या गाड्यांत बहुधा रेडिएटरच्या टाकीतच एक छोटा कूलर असतो आणि गिअरबॉक्सचं ऑइल दोन नळ्यांनी तिथे येऊन थंड होऊन परत जातं. नव्या रेडिएटरमध्ये तो कूलर आहे ना, त्याचे आटे जुन्या नळ्यांना जुळतात ना, आणि नळी ५/१६ इंची आहे की ३/८, हे ऑर्डरआधी विचारून घ्या. जुनाच रेडिएटर ठेवत असाल तर आतल्या कूलरचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हवेचा दाब भरा आणि पाण्यात बुडवून बघा. तो आतून फुटला की कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळून गुलाबी दुधासारखं होतं आणि गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं. रेडिएटरच्या गळतीपेक्षा हे दुखणं कितीतरी महाग आहे.

टाकीतल्या कूलरची आणखी एक मर्यादा इथल्या उन्हात जाणवते. तो ऑइलला सभोवतालच्या पाण्यापेक्षा थंड करू शकत नाही, आणि पाणीच तापलेलं असेल तर काय करणार? ऑटोमॅटिकचं ऑइल ८० ते ९५ अंशांत सुखात असतं. त्यापुढे दर अकरा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं असा जुना ठोकताळा आहे. उष्णता मुख्यतः इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या घसरण्यातून येते, म्हणून चढावर आणि गर्दीत ऑइल सगळ्यात जास्त तापतं. त्यासाठी रेडिएटरपुढे वेगळा कूलर लावावा. वेटोळ्या नळीचा साधा कूलर स्वस्त असतो, पण त्याच मापात एकावर एक चपट्या थरांचा कूलर जास्त काम करतो. ऑइल आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून बाहेरच्या कूलरमध्ये आणि मग परत गिअरबॉक्सला, असा क्रम ठेवा. कूलरचं माप गरजेपुरतंच घ्या. तो जेवढी जाळी झाकेल तेवढी गरम हवा रेडिएटरवर जाते. जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वापरू नका, त्या घासून नळीला भोक पाडतात. छोटे पत्र्याचे ब्रॅकेट करून घ्या. होज ऑटोमॅटिक ऑइलसाठीचाच हवा, पेट्रोलचा किंवा गॅसचा नको, आणि तो सायलेन्सरच्या नळीपासून लांबून न्या. तांब्याची नळी वाकवायला सोपी असली तरी थरथरून तडकते, तेव्हा स्टीलची घ्या. गिअरबॉक्स याआधी कधी जळला असेल तर जुन्या कूलरमध्ये धातूचा चुरा बसलेला असतो. तो कूलर पुन्हा जोडू नका.

कूलंटचं थोडक्यात सांगतो. बोअरचं पाणी घालू नका, त्यातला क्षार नळ्यांत खडा होऊन बसतो. डिस्टिल्ड पाणी आणा. सोलापुरात पाणी गोठत नाही आणि नुसतं पाणी मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून अर्ध्याअर्ध्याची गरज नाही. एक हिस्सा कूलंट, दोन हिस्से पाणी पुरतं, पण गंज रोखायला तेवढं लागतंच. तांबं, पितळ आणि डाख यांना चालतं असं डब्यावर लिहिलेलंच घ्या.

चाचणी टप्प्याटप्प्याने करा. आधी दारात वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून सगळे जोड बघा. मग दुपारच्या उन्हात नवी पेठेच्या गर्दीतून एक फेरी मारा. ती पार पडली तर तुळजापूरचा रस्ता धरा. पंचेचाळीस किलोमीटरच्या शेवटाला घाट आहे, पाणी आणि ऑइल दोन्हींची खरी परीक्षा तिथेच होते. ऑइलच्या नळीवर तापमानाचा काटा बसवलेला असेल तर घाटात त्याच्यावर नजर ठेवा. परतल्यावर इंजिन चालू ठेवून गरम ऑइलची पातळी बघा, टॉर्कफ्लाइटमध्ये ती न्यूट्रलमध्ये बघतात. बाहेरच्या कूलरमुळे थोडं जास्त ऑइल लागतं, तेही भरा. दुसऱ्या दिवशी गार गाडीच्या होजच्या सगळ्या क्लिपा एकदा फिरवून आवळा, कारण नवा रबर तापून बसला की त्या सैल होतात.