घोड्याची चंदी, म्हणजे खुराकाचं धान्य दळताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आमच्या काठेवाडी घोडीला रात्री पोटशूळ उठला. सारखी लोळायची, उठायची, मान वळवून कुशीकडे बघायची. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, "चंदी बदलली का?" बदलली होती. छावणीच्या मंडीतून मका आणला होता आणि मोतद्दाराला, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्याला सांगून चक्कीवर पार पीठ करून घेतला होता. बारीक दळलं की पचायला हलकं, हा माझा समज. घोडी वाचली, पण त्या रात्रीनंतर मी हा विषय नीट समजून घेतला.

सगळी धान्यं एकाच मापाने दळणं, ही सगळ्यात मोठी चूक. घोड्याला स्टार्च लहान आतड्यातच पचवावा लागतो. तिथे उरलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, आम्ल वाढतं आणि त्यातून पोटशूळ किंवा खुरांची सूज, म्हणजे लॅमिनायटिस होतो. जईचा, म्हणजे ओटचा स्टार्च अख्ख्या दाण्यातूनही ८० टक्क्यांहून जास्त पचतो. दाढा शाबूत असलेल्या घोड्यासाठी जई दळण्यात पैसे घालू नका. मक्याचं उलटं आहे. पचनचाचण्यांत अख्ख्या मक्याचा जेमतेम ३० टक्के स्टार्च लहान आतड्यात पचलेला दिसला. भरडलेल्याचाही जवळपास तेवढाच, पीठ केलेल्याचा निम्म्याच्या आसपास आणि उष्णतेने फुलवलेल्याचा ९० टक्के. मक्याचा स्टार्च प्रथिनांच्या जाळीत घट्ट बसलेला असतो, तो जात्याने पुरता सुटत नाही, उष्णतेने सुटतो. म्हणून मका द्यायचाच असेल तर चक्कीऐवजी भडभुंज्याकडे न्या. बिनमिठाच्या लाह्या करून घ्या. जवालाही उष्णता मानवते. पिठाचा आणखी एक त्रास म्हणजे धूळ: तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीत तोंड घातलं की ती थेट नाकात जाते.

दुसरी चूक डब्याची. ज्या डब्यात अर्धा किलो जई मावते, त्यात मका पाऊण किलोपर्यंत बसतो, शिवाय मक्यात स्टार्च जास्त. डबा तोच, ताकद जवळपास दुप्पट. लाह्या फुगतात, म्हणून त्याही तोलूनच द्या. एका वेळी शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १ ग्रॅम स्टार्च, ही सुरक्षित मर्यादा. ३५० किलोच्या घोडीला एका तोबऱ्यात मका अर्ध्या किलोच्या वर नको, जई पाऊण किलो चालते. धान्य बदलायचं तर सात ते दहा दिवसांत, हळूहळू.

भरड साठवू नका. दाणा फुटला की आतलं तेल हवेला लागतं आणि खवट होतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला बुरशीही धरते. आठवड्यापुरतंच भरडा. बुरशीच्या मक्यातल्या विषाने घोड्याचा मेंदू निकामी होतो, म्हणून असा मका वाळवून, चाळून देण्याचा विचारही करू नका.

गव्हाच्या चोकराबद्दल, म्हणजे कोंड्याबद्दल एवढंच: त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. रोज डबाभर दिलात तर हाडं पोकळ होतात.

लिदीत अख्खे दाणे दिसू लागले तर धान्याला दोष देण्याआधी दाढा तपासून घ्या. म्हाताऱ्या घोड्याला मात्र जईही भरडूनच द्यावी लागते. लीद पातळ आणि आंबूस आली, खूर हाताला गरम लागले, घोडं पुढचे पाय टेकायला कचरू लागलं, तर धान्य त्याच क्षणी बंद करा, पाणी आणि कोरडी वैरण समोर ठेवा आणि सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.