कार्डं गोळा झाली, ऑर्डर नाही: परिषदांमधल्या या चुका टाळा

माझ्या टेबलाच्या खणात रबर लावलेला व्हिजिटिंग कार्डांचा एक गठ्ठा आहे. कंपनी सुरू केल्यावर पहिल्या वर्षी पुण्यातल्या पाच परिषदांमधून जमवलेला. आम्ही सीएनसी मशीनच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनच्या, स्पिंडलची (फिरत्या दांड्याची) थरथर मोजणारं यंत्र बनवतो, म्हणजे गिऱ्हाईक भोसरी-चाकणच्या कारखान्यांत, गाडीने तासाभरावर. तरी त्या गठ्ठ्यातून एकही ऑर्डर आली नाही. पहिली आली ती चहाच्या रांगेतून.

तेव्हा मी काय करत होते? स्टेजवरचं चर्चासत्र संपलं की गुंतवणूकदारांकडे धावत होते. तिथे आधीच वीसजणांचं कोंडाळं. प्रत्येकजण तीस सेकंदांत आपली कंपनी सांगणार, साहेब मान डोलावणार, "मेल टाका" म्हणणार. त्याच वेळी मागे, चहाच्या टेबलाशी, कारखान्यांचे मेन्टेनन्सवाले आणि छोटे वर्कशॉपमालक एकटे उभे असतात. त्यांना कुणीच विचारत नाही. असेच एक जॉबवर्क करणारे काका माझ्यापुढे रांगेत होते. मी काही विकायच्या आतच ते म्हणाले, "मॅडम, बेअरिंग गेलं की माझी मशीन चार दिवस उभी राहते. तुमचं यंत्र हे आधी सांगतं का?"

"सांगतं. पण किती आधी, ते तुमच्या मशीनवर लावल्याशिवाय नाही सांगता येणार."

"मग सोमवारी या की."

गुंतवणूकदाराला भेटूच नका असं नाही. पण तोही पहिला प्रश्न हाच विचारतो की वापरतंय कोण.

दुसरी चूक जास्त आरामाची, म्हणून सुटायला अवघड. कॉलेजचे चार मित्र मिळून जायचं, जेवणाच्या टेबलावर चौघांनीच बसायचं आणि संध्याकाळी "छान झालं" म्हणत परतायचं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी शेकडा १७ जणांनाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण साधं आहे: रोजच्या मित्राला जे माहीत, ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नोकरीचं ते गणित धंद्याला जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण माझ्या बॅचचे सगळे सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्यापैकी कुणाच्याही ओळखीत भोसरीचा वर्कशॉपवाला नव्हता. जेवायला वेगवेगळ्या टेबलांवर बसा. भीड वाटते, कबूल. शेजारच्याला "तुमचं युनिट कुठे?" एवढं विचारलं तरी पुढची दहा मिनिटं तो बोलतो.

परिषद निवडतानाही गिऱ्हाईक तिथे येतं का, हे बघा. शेतीचं उत्पादन असेल तर डिसेंबरात मोशीला भरणारं किसान प्रदर्शन, वाहन उद्योगाचं असेल तर एआरएआय या पुण्यातल्या वाहन-संशोधन संस्थेची सियाट परिषद. 'स्टार्टअप' नाव असलेल्या मेळाव्यात बहुतेक वेळा आपल्यासारखेच आपल्याला भेटतात.

आता ज्या चुकीची भरपाई होत नाही ती. पेटंटचा अर्ज न करता यंत्राचं पोट उघडून दाखवणं. स्लाइडवर आतली रचना टाकली आणि सभागृहाने ती पाहिली, की ती गोष्ट जाहीर झाली. मग आपलंच सादरीकरण आपल्या अर्जाच्या आड येऊ शकतं. "प्रदर्शनात दाखवलं तर वर्षभर सूट असते" असं लोक छातीठोकपणे सांगतात. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे खरी, पण प्रदर्शनांच्या बाबतीत ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच. हॉटेलातल्या एकदिवसीय परिषदेवर तिच्या भरवशाने जाऊ नका. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज टाका. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. तोवर खोका बंद ठेवून फक्त निकाल दाखवा. बेअरिंग जाण्याआधी इशारा मिळाला, हेच गिऱ्हाइकाला ऐकायचं असतं, सर्किट नाही.

"ओळखी झाल्या, पण कुणी फोन उचलत नाही," ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते. पहिल्यांदा आपलाच मेसेज काढून वाचा. "काल भेटून आनंद झाला, आमचं ब्रोशर जोडलं आहे" असा असेल, तर समोरच्याच्या फोनवर तसे पंधरा मेसेज पडलेत. त्याने सांगितलेली अडचण त्याच्याच शब्दांत लिहा आणि एकच मागणी करा. मी काकांना त्याच रात्री लिहिलं होतं: "काका, चार दिवस उभी राहणारी ती मशीन सोमवारी अकराला बघायला येते. चालेल ना?" उत्तरात नुसता पत्ता आला. काहीच उत्तर आलं नाही तर आठवड्याने एक फोन करा, तोही शिफ्ट बदलायच्या वेळेला नको. त्यानंतर पिच्छा सोडा. दिवाळीचे फॉरवर्ड पाठवून ओळख टिकत नाही, नंबर ब्लॉक होतो.

आणि कार्ड हातात पडलं की तिथेच, बॉलपेनने, मागच्या बाजूला लिहा: कुठलं मशीन, काय अडलंय, आपण काय कबूल केलंय. घरी जाऊन लिहू म्हणाल तर संपलं. माझ्या गठ्ठ्यातल्या एका कार्डामागे "निळा शर्ट, अर्जंट" एवढंच आहे. तीन वर्षं झाली, कोण ते अजून आठवत नाही.